लढाऊ विमानातील फ्लाय-बाय-वायर: यंत्रणा गेली तर मागे काय उरते?

लष्करवासी (ग्वाल्हेर)

नमस्कार. हा धागा मी स्वतःची एक चूक दुरुस्त करण्यासाठी काढत आहे. यंदाच्या गणेशोत्सवात शहराच्या लष्कर भागातल्या आमच्या मंडळात ‘विमान वळते कसे’ या विषयावर मी तासभर बोललो. शेवटी एका बाईंनी विचारले की, आपल्या डोक्यावरून रोज जाणाऱ्या मिराजमध्ये वैमानिकाच्या हातातला दांडा आणि पंखावरचे हलणारे भाग यांच्यामध्ये नुसत्या विजेच्या तारा (म्हणजेच फ्लाय-बाय-वायर) असतील, तर ती यंत्रणा बंद पडल्यावर वैमानिक काय करतो? आयुष्यभर नियंत्रणशास्त्र शिकवल्यामुळे उत्तर देण्याआधी थांबण्याची माझी सवय मोडली आहे. मी ताबडतोब सांगून टाकले की, अशा वेळी जुन्या पद्धतीचे सळ्या आणि केबलींचे जोडकाम मदतीला येते. सभागृह समाधान पावले. घरी परतून जिना चढताना माझ्या लक्षात आले की मी सांगितलेले उत्तर दुसऱ्याच विमानाचे होते.

मिराज २००० मध्ये असे जोडकाम नाही. या विमानाचे पहिले उड्डाण १० मार्च १९७८ रोजी झाले आणि १९८५ च्या जूनअखेरीस त्यांची पहिली तुकडी आपल्या महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर उतरली. त्यातील नियंत्रण-यंत्रणा ॲनालॉग, म्हणजे आकड्यांऐवजी सतत बदलणाऱ्या विद्युत संकेतांवर चालणाऱ्या परिपथांची आहे, ती एकाहून अधिक समांतर चॅनेलांत, म्हणजे एकच काम करणाऱ्या मार्गांत, विभागलेली आहे, आणि तिच्या मागे हाताने चालणारे काहीही ठेवलेले नाही. हा निष्काळजीपणा आहे असे वाटू शकते, म्हणून त्यामागचे कारण सविस्तर लिहितो.

त्रिकोणी पंखाच्या जुन्या मिराज ३ मध्ये विमान स्वभावतः स्थिर असे. त्याला वेगळी मागची शेपटी नसल्यामुळे नाक वर ठेवण्यासाठी पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग, म्हणजे एलेव्हॉन, वर उचलावे लागत, आणि त्यामुळे नेमके उतरतानाच पंखाची उचल कमी होई. परिणामी उतरण्याचा वेग जास्त आणि धावपट्टी लांब लागे. मिराज २००० मध्ये गुरुत्वमध्य मुद्दाम मागे ठेवला, त्यामुळे कमी वेगाला एलेव्हॉन खाली झुकवून उचल वाढवता येऊ लागली. मात्र या सोयीची किंमत अशी की विमान स्वतःहून सरळ राहत नाही.

आपल्याकडच्या धान्य-मंडीत ज्यांनी ट्रॅक्टर पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर पुढे जाताना ट्रॉली आपोआप रांगेत येते. तोच मागे घेताना ट्रॉली जरा वाकली की आणखी वाकत जाते आणि चालकाला सतत उलटसुलट चाक फिरवावे लागते. सावकाश मागे घेताना हे जमते. हीच ट्रॉली ताशी ऐंशीच्या वेगाने मागे घ्यायची असेल तर चाकाला कितीही उत्तम दांडा जोडून दिला तरी माणसाचा हात पुरणार नाही. माणसाला दिसलेल्या गोष्टीवर हात हलवायला साधारण पाव सेकंद लागतो, आणि अस्थिर लढाऊ विमानाला तेवढा वेळही पुष्कळ होतो. अशा विमानात यांत्रिक जोडकाम ठेवणे म्हणजे ज्याला वापरताच येणार नाही असे वजन वाहून नेणे होय.

जाणकारांनी भर घालावी आणि माझे आणखी काही चुकले असल्यास तेही सांगावे.

मुरारवासिनी (ग्वाल्हेर)

सर, ट्रॉलीचे उदाहरण फार नेमके आहे. मात्र आपण ‘दुसऱ्याच विमानाचे उत्तर’ म्हणालात ते विमान कोणते, हे लिहायचे राहून गेले.

लष्करवासी (ग्वाल्हेर)

खरे आहे. माझ्या मनात अमेरिकी नौदलाचे एफ/ए-१८ हॉर्नेट होते. त्यात चार चॅनेलांची डिजिटल यंत्रणा होती, आणि ती पूर्ण निकामी झाल्यास मागच्या आडव्या शेपटीच्या दोन पृष्ठभागांपर्यंत यांत्रिक जोडकाम पोचत असे. त्याच्या जोरावर विमान कसेबसे सावरून परत आणता यावे एवढीच अपेक्षा होती. लढाई करता यावी अशी नव्हती. पुढे सुपर हॉर्नेट आले तेव्हा हे जोडकाम काढून टाकले गेले. युरोपीय टॉर्नेडोमध्येही तीन चॅनेलांच्या ॲनालॉग यंत्रणेमागे शेपटीपर्यंत यांत्रिक मार्ग होता. सध्या आपल्या हवाई दलात असलेल्या सी-१७ या मालवाहू विमानातही फ्लाय-बाय-वायरच्या मागे यांत्रिक व्यवस्था आहे, कारण ते विमान मुळात स्थिर आहे.

मला सर्वांत बोलके उदाहरण सुखोई-२७ चे वाटते. त्याच्या मूळ रचनेत नाक वर-खाली करण्याची, म्हणजे पिचची यंत्रणा तेवढी चार चॅनेलांची विद्युत आहे. कुशीवर कलणे आणि डावी-उजवीकडे वळणे यांच्यासाठी यांत्रिक जोडकाम आहे. हे विमान पिचमध्ये अस्थिर असल्यामुळे नेमक्या त्याच अक्षावर हाताचा मार्ग ठेवलेला नाही. रचनाकारांनी एकाच विमानात दोन्ही उत्तरे लिहून ठेवली आहेत.

अंकगणिती (बेंगळुरू, मूळचा दौलतगंज)

यांत्रिक मार्ग नसेल तर मग भरवसा कशावर, यासंबंधी थोडे लिहितो, कारण माझे काम याच्या आसपासचे आहे.

चार चॅनेल म्हणजे एकाच प्रश्नावर बोलावलेले चार साक्षीदार समजा. प्रत्येकाचा स्वतंत्र सेन्सर, स्वतंत्र संगणक, स्वतंत्र वीजपुरवठा. प्रत्येक क्षणी चौघांची साक्ष ताडून पाहिली जाते, आणि जो इतरांपासून ठरलेल्या मर्यादेपलीकडे वेगळे बोलतो त्याला बाहेर काढले जाते. उरले तीन. त्यांतला आणखी एक बिघडला तर उरलेले दोघे त्याला ओळखू शकतात. परंतु दोघेच उरले आणि त्यांचे पटेनासे झाले, तर कोणी तरी चुकत आहे एवढेच कळते. कोण चुकत आहे ते बाहेरचा पुरावा असल्याशिवाय कळत नाही. म्हणून नुसत्या तुलनेवर चालणारी तीन चॅनेलांची यंत्रणा एक बिघाड खात्रीने पचवते आणि चार चॅनेलांची दोन. प्रत्येक संगणकाला स्वतःची तपासणी स्वतः करता येत असेल तर हा हिशेब सुधारतो, म्हणून अलीकडच्या काही विमानांत तीन चॅनेलही पुरेसे मानले गेले.

नागरी विमानांत सर्व नियंत्रण जाण्यासारखी आपत्ती उड्डाणाच्या एक अब्ज तासांत एकदाही घडू नये इतकी विरळ असावी अशी अट असते. एवढी विरळ घटना चाचणीने सिद्ध करता येत नाही, कारण कोणीही अब्ज तास विमान उडवून पाहत नाही. ती रचनेच्या युक्तिवादानेच सिद्ध करावी लागते. आणि त्या संपूर्ण युक्तिवादात एक शब्द सर्वांत जास्त भार उचलतो, तो म्हणजे ‘स्वतंत्र’. चारही साक्षीदारांनी एकाच वर्तमानपत्रात वाचून साक्ष दिली असेल, तर चार असूनही साक्ष एकच आहे.

मुरारवासिनी (ग्वाल्हेर)

असे प्रत्यक्ष घडले आहे का?

अंकगणिती (बेंगळुरू, मूळचा दौलतगंज)

घडले आहे, आणि माझ्या मते या विषयात सर्वांत जास्त शिकवणारी दोन उदाहरणे हीच आहेत.

पहिले २३ फेब्रुवारी २००८ चे, ग्वाम बेटावरचे. अमेरिकी बी-२ बॉम्बफेकी विमान धावपट्टी सोडताच एकदम नाक वर करून सुमारे ३० अंशांपर्यंत चढले, पंखाची उचल गेली आणि ते जमिनीवर कोसळले. दोन्ही वैमानिक इजेक्शन सीटने बाहेर पडले म्हणून वाचले. नियंत्रणाचे संगणक धडधाकट होते. झाले असे की, हवेचा दाब मोजणाऱ्या २४ सेन्सरांपैकी तिघांत दमट हवामानामुळे ओलावा शिरला होता आणि त्या ओल्या अवस्थेतच त्यांचे मापन जुळवून घेतले गेले. नंतर सेन्सरांची तापवणी चालू झाल्यावर ओलावा उडून गेला, पण जुळवणी मात्र ओल्या स्थितीची राहिली. संगणकांना वेग आहे त्यापेक्षा जास्त आणि नाक खाली झुकलेले वाटले, आणि त्यांनी मिळालेल्या माहितीप्रमाणे अगदी बरोबर हिशेब करून नाक वर खेचले.

दुसरे २० डिसेंबर २००४ चे, नेवाडातल्या नेलिस तळावरचे. एफ-२२ उड्डाणापूर्वी जमिनीवर उभे असताना एका किरकोळ कामासाठी इंजिने बंद केली गेली. नियंत्रण-यंत्रणेची वीज त्या काळात अखंड आहे असा वैमानिकाचा समज होता, परंतु ती क्षणभर खंडित झाली. त्या एका क्षणाने विमानाच्या फिरण्याची गती मोजणारे तिन्ही सेन्सर-संच एकाच वेळी अडकले. कोणतीही सूचना उमटली नाही, विमान उडाले आणि लगेच ताब्याबाहेर गेले. येथेही वैमानिक इजेक्शन सीटमुळे वाचला. तिन्ही संच एकाच कारणाने अडकले, म्हणून तुलना करणाऱ्याला त्यांच्यात मतभेद दिसलाच नाही.

तळावरचा_जुना (ग्वाल्हेर)

मी हवाई दलात तंत्रज्ञ होतो. मिराजवर कधीच नव्हतो, माझी बरीच वर्षे किरण या प्रशिक्षण-विमानावर गेली. अंकगणिती यांनी लिहिलेल्यात ‘वीज क्षणभर खंडित झाली’ हे वाक्य मी दोनदा वाचले. संगणक चार करा की आठ करा, त्यांना वीज कोण देते आणि पंखावरचा जड पृष्ठभाग प्रत्यक्ष कोण हलवते, हे जमिनीवरचा माणूस आधी विचारतो. तार फक्त निरोप पोचवते. बळ हायड्रॉलिकचे, म्हणजे दाबाखालच्या तेलाचे असते. एक इंजिनाचे विमान असेल आणि इंजिन बंद पडले, तर जनित्रही थांबते आणि हायड्रॉलिक पंपही थांबतो.

एफ-१६ वाल्यांनी यासाठी वेगळे आपत्कालीन जनित्र ठेवले आहे. ते हायड्रॅझीन नावाच्या अतिशय विषारी द्रवावर काही मिनिटे चालते आणि तेवढ्यात वीज व हायड्रॉलिक दोन्ही पुरवते. ते एकदा चालू झालेले विमान उतरल्यावर साधा कर्मचारी जवळ जात नाही, संरक्षक पोशाखातले पथक आधी जाते. एफ-३५ मध्ये आणखी वेगळा विचार केला आहे: मुख्य पृष्ठभागांच्या ॲक्चुएटरमध्येच, म्हणजे ते हलवणाऱ्या यंत्रातच, छोटा विद्युत मोटर-पंप बसवला, म्हणजे लांबच लांब हायड्रॉलिक नळ्या छेदल्या जाण्याची भीती कमी झाली, पण विजेवरचे अवलंबन तेवढेच वाढले.

किरणवर आम्ही दांडा हलवून पाहायचो आणि कुठे अडकत असेल तर ते तळव्याला कळायचे. एकदा एका तळावर, नाव लिहीत नाही, एका विमानाच्या दांड्यात मला किंचित खरखर जाणवली आणि शोधल्यावर सळीच्या मार्गात कोणाच्या तरी हातून राहिलेला स्क्रू निघाला. तारेत अशी खरखर जाणवत नाही. तिच्यासाठी यंत्रणेने स्वतःच स्वतःची तपासणी करणे भाग आहे, आणि ती तपासणी काय पाहते व काय पाहत नाही, हे ज्याने लिहिले त्यालाच ठाऊक असते.

मुरारवासिनी (ग्वाल्हेर)

मग चौथा साक्षीदार वेगळ्याच गावाहून का आणत नाहीत? म्हणजे एक संगणक पूर्णपणे वेगळ्या जातीचा, वेगळ्या लोकांनी बनवलेला.

अंकगणिती (बेंगळुरू, मूळचा दौलतगंज)

आणतात, आणि त्याचा इतिहास डिजिटल फ्लाय-बाय-वायरइतकाच जुना आहे. २५ मे १९७२ रोजी नासाच्या एफ-८ या विमानाने गॅरी क्रियर यांच्या हाती डिजिटल यंत्रणेवर पहिले उड्डाण केले. त्यात चंद्रमोहिमांतला अपोलो संगणक एकटाच बसवलेला होता, यांत्रिक जोडकाम काढून टाकलेले होते, आणि मागे तीन चॅनेलांची ॲनालॉग यंत्रणा होती. डिजिटल गेले तर ॲनालॉग, हा तो नमुना. पुढे उलट दिशेने पंख वळवलेल्या एक्स-२९ मध्ये (पहिले उड्डाण १४ डिसेंबर १९८४) तीन डिजिटल संगणक आणि प्रत्येकामागे ॲनालॉग अशी रचना होती. ते विमान इतके अस्थिर होते की संगणक सेकंदाला ४० वेळा दुरुस्ती करत. स्वीडनच्या ग्रिपेनच्या पहिल्या आवृत्तीत तीन डिजिटल चॅनेलांमागे ॲनालॉग ठेवले होते, आणि आपल्याकडे अंबाल्याला आलेल्या राफेलमध्ये तीन डिजिटल आणि एक वेगळ्या रचनेचा ॲनालॉग चॅनेल आहे.

याच्या विरुद्ध टोकाला ब्रिटनचे प्रायोगिक जॅग्वार आहे. २० ऑक्टोबर १९८१ रोजी ते चार एकसारख्या डिजिटल चॅनेलांवर उडाले, आणि मागे ना यांत्रिक, ना ॲनालॉग, काहीच नव्हते. आपल्या हवाई दलातली जॅग्वार विमाने मात्र नेहमीच्या यांत्रिक जोडकामाची आहेत. नाव एकच असल्यामुळे गल्लत होते.

वेगळ्या लोकांनी लिहिले म्हणजे चुका वेगळ्या होतील, हे मात्र गृहीत धरू नये. नाइट आणि लेव्हसन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी एकाच कामासाठी स्वतंत्रपणे २७ प्रोग्राम लिहिले होते. दहा लाख चाचण्यांत असे दिसले की निरनिराळे प्रोग्राम एकाच अवघड जागी एकत्र चुकण्याचे प्रमाण योगायोगाने होईल त्यापेक्षा बरेच जास्त होते. गणिताच्या पेपरात अवघड उदाहरण सगळ्या वर्गाचे चुकते, तसेच ते आहे.

शिवाय बॅकअपलाही स्वतःचा स्वभाव असतो. अमेरिकेच्या अंतराळ शटलमध्ये चार मुख्य संगणकांमागे पाचवा होता आणि त्याचे सॉफ्टवेअर वेगळ्या कंपनीने लिहिले होते. १० एप्रिल १९८१ चे पहिलेच प्रक्षेपण थांबवावे लागले, कारण पाचव्याचा आणि चौघांचा काळ जुळेना. दोन दिवसांनी यान उडाले. त्यानंतर तीस वर्षांच्या सर्व उड्डाणांत तो पाचवा संगणक एकदाही ताबा घेण्यासाठी वापरावा लागला नाही. जो एकदाही वापरला गेला नाही, त्याने एक उड्डाण मात्र थांबवले.

लष्करवासी (ग्वाल्हेर)

ग्रिपेनचा उल्लेख आला म्हणून एक मुद्दा जोडतो, कारण माझ्या विषयाच्या तो अगदी जवळचा आहे. ग्रिपेनचा पहिला नमुना २ फेब्रुवारी १९८९ रोजी उतरताना आपटला, आणि ८ ऑगस्ट १९९३ रोजी दुसरे एक ग्रिपेन स्टॉकहोमच्या जलोत्सवात हजारो लोकांसमोर पडले. दोन्ही वेळा वैमानिक एकच होता आणि दोन्ही वेळा तो वाचला. त्यात कोणताही चॅनेल बिघडलेला नव्हता. वैमानिकाचा हात आणि नियंत्रणाचे नियम एकमेकांच्या मागे धावू लागले, पृष्ठभागांना मागितलेल्या गतीने हलता येईना, आणि प्रत्येक दुरुस्ती उशिरा पोचून झोका वाढवत गेली. चॅनेलांची साक्ष ताडून पाहणाऱ्या यंत्रणेच्या दृष्टीने सगळे एकमताने चालले होते. मागचा ॲनालॉग चॅनेल अशा वेळी हाक येण्याची वाट पाहत बसतो आणि त्याला हाक येतच नाही. म्हणून ‘बॅकअप किती आहेत’ हा प्रश्न विचारण्याआधी ‘कोणत्या प्रकारच्या अपयशासाठी’ हे विचारावे लागते, असे मला वाटते.

पूर्ण बंद पडणे आणि पूर्ण चालणे यांच्या मधल्या पायऱ्याही लक्षात घ्याव्यात. एफ-१६ मध्ये वेगाची माहिती अविश्वसनीय ठरली तर संगणक वेगाप्रमाणे बदलणारी प्रतिसादाची तीव्रता सोडून देतो आणि एक ठरीव मूल्य धरतो: चाके वर असतील तर एक, खाली असतील तर दुसरे. विमान थोडे आळशी किंवा थोडे चळवळे वाटते, पण उडते. त्याच विमानात वैमानिकाने संगणकाला बाजूला सारण्याची एक जागाही आहे. ते खोल स्टॉलमध्ये, म्हणजे नाक वर राहून पानासारखे खाली येण्याच्या अवस्थेत अडकले, तर मर्यादा घालणारा संगणकच सुटकेच्या आड येतो. तेव्हा वैमानिक एक स्विच दाबून धरतो, मर्यादा उठवतो आणि झोपाळ्याला लय पकडून झोका द्यावा तसे विमान पुढे-मागे झुलवून नाक खाली पाडतो.

शिंदेछावणी (ग्वाल्हेर)

दोन प्रश्न आहेत. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी शिवपुरीजवळ आपल्या तळावरचे दोन आसनी मिराज पडले, त्याचा याच्याशी संबंध आहे का? आणि फक्त इंजिनाच्या जोरावर विमान उतरवता येते असे मी ऐकले आहे, ते खरे का?

लष्करवासी (ग्वाल्हेर)

पहिल्याबद्दल: दोन्ही वैमानिक सुखरूप बाहेर पडले एवढेच आपण येथे म्हणावे. बातमीतल्या ‘तांत्रिक बिघाड’ या दोन शब्दांवरून नियंत्रण-यंत्रणेपर्यंत उडी मारणे मला योग्य वाटत नाही, आणि या धाग्यावर तशी उडी कोणी मारू नये अशी विनंती आहे.

दुसऱ्याबद्दल: खरे आहे, पण सर्व विमानांना लागू नाही. २१ एप्रिल १९९३ रोजी गॉर्डन फुलर्टन यांनी नासाचे एफ-१५ संगणकाच्या साहाय्याने केवळ दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करून धावपट्टीवर टेकवले. ते विमान दोन इंजिनांचे आणि स्वभावतः स्थिर होते. अस्थिर, एका इंजिनाच्या मिराजला हा मार्ग नाही. इंजिनाचा जोर बदलायला लागणाऱ्या वेळात त्याची ट्रॉली केव्हाच आडवी झालेली असते.

मुरारवासिनी (ग्वाल्हेर)

तेजसचे काय?

अंकगणिती (बेंगळुरू, मूळचा दौलतगंज)

तेजसही शेपटीविना त्रिकोणी पंखाचे आणि अस्थिर आहे. चार चॅनेलांची डिजिटल यंत्रणा, यांत्रिक मार्ग नाही. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातल्यामुळे या यंत्रणेवर चाललेले तिकडचे सहकार्य थांबले आणि उरलेले काम येथे पूर्ण करावे लागले. म्हणून ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी पहिले उड्डाण केले, तेव्हा पाहणाऱ्यांना विमान उडाल्यापेक्षा ते सरळ राहिल्याचे समाधान जास्त झाले असावे, असे मला नेहमी वाटते. प्रत्यक्ष उडण्याआधी जमिनीवरच्या पूर्ण सांगाड्यावर, ज्याला ‘आयर्न बर्ड’ म्हणतात, खरे ॲक्चुएटर आणि खरे संगणक जोडून एकेक चॅनेल मुद्दाम पाडून पाहिला जातो. बाहेरच्यांना हे काम कंटाळवाणे वाटते. आम्हाला तर बॅकअपची खरी जागा तीच वाटते.

लष्करवासी (ग्वाल्हेर)

सर्वांचे आभार. मंडळाच्या फलकावर लावण्यासाठी खालील मजकूर तयार केला आहे. काही चुकले असल्यास उद्या सकाळपर्यंत सांगावे.

‘व्याख्यानात विचारलेल्या प्रश्नाचे दिलेले उत्तर चुकीचे होते. मिराज २००० मध्ये दांड्यापासून झडपांपर्यंत यांत्रिक जोडकाम नाही. विमान मुद्दाम अस्थिर बनवलेले असल्यामुळे हाताने ते सावरता येणार नाही. म्हणून एकच काम करणारे अनेक स्वतंत्र विद्युत मार्ग ठेवलेले असतात आणि एक बिघडल्यास इतर मार्ग काम चालू ठेवतात. सर्व मार्ग एकदम निकामी झाल्यास वैमानिकाकडे इजेक्शन सीट उरते. प्रश्न विचारणाऱ्या बाईंचा आभारी आहे.’

तळावरचा_जुना (ग्वाल्हेर)

सर, मजकूर ठीक आहे, फक्त ‘झडपा’ हा शब्द काढावा. झडप म्हटले की लोकांना उतरताना खाली येणारे फ्लॅप वाटतात. ‘एलेव्हॉन’ असेच लिहावे आणि कंसात ‘पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग’ असे द्यावे. आणि फलक जिन्याजवळ लावावा. दाराजवळच्या फलकावर प्रसादाच्या वेळापत्रकाशिवाय कोणी काही वाचत नाही.

लष्करवासी (ग्वाल्हेर)

शब्द बदलला. फलक जिन्याजवळ लावतो.